एका माणसाच्या सहा नोंदण्या: रोजगाराची खाती एकमेकांशी बोलतील कधी?

पऱ्हाटी | ३ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या पंधरवड्यात चुलतभावाला घेऊन तालुक्याच्या तीन खेपा झाल्या. वय २६, आयटीआय वायरमन, घरी तीन एकर कोरडवाहू. त्याच्याजवळ बियाण्याच्या कंपनीने दिलेली चेनची पिशवी असते. तिच्यात आधारच्या आठ झेरॉक्स, टीसी, मार्कशीट, जातीचा दाखला, अधिवास, पासबुकाचं पहिलं पान. प्रत्येक झेरॉक्सच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक अक्षर. मी विचारलं हे काय, तर म्हणे, "कोणता गठ्ठा कोणत्या ऑफिसचा ते इसरू नये म्हणून." 'म' म्हणजे महास्वयम्, 'श' म्हणजे श्रम, 'ब' म्हणजे बांधकाम.

मोजल्या तर सहा नोंदण्या निघाल्या. राज्याच्या कौशल्य व रोजगार विभागाचं महास्वयम्. केंद्राचं नोकरी शोधायचं पोर्टल, एनसीएस. शिकाऊ उमेदवारीचं पोर्टल वेगळं, कारण महावितरणच्या अप्रेंटिसशिपचा अर्ज तिथून जातो. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड केंद्रीय कामगार मंत्रालयाचं, बांधकाम कामगार मंडळ राज्याच्या कामगार विभागाचं. आणि घरचं जॉबकार्ड रोजगार हमीचं. सहाही ठिकाणी तोच माणूस, तोच अंगठा. आधारवर बापाचं नाव 'पुंडलीक' आणि टीसीवर 'पुंडलिक', एवढ्या एका वेलांटीपायी एक अख्खी खेप वाया गेली.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत त्याने एका सरकारी कार्यालयात आधी सहा महिने आणि मग वाढवून मिळालेले पाच, असे अकरा महिने काढले. आयटीआयवाल्यांना महिन्याला ८ हजार, ते मात्र खात्यात आले. पण वायरमनला काम काय दिलं, तर आवक-जावक रजिस्टर लिहायचं. आता मुदत संपली. बांधकाम मंडळ म्हणतं वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला आण. रजिस्टर लिहिलेले अकरा महिने त्यात धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे म्हणा.

मला खरी चीड आली ती पुढे. आमच्याच गावात यंदा घरकुलं मंजूर झालीत. त्यांची यादी पंचायत समितीत. वायरमनची नोंद रोजगार केंद्रात, जिल्ह्याला. आणि घरकुलाची वायरिंग करायला मिस्त्री येतो चाळीस किलोमीटरवरून! दोन्ही याद्या सरकारच्याच, पण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

तालुक्यात ह्या सगळ्यांना जोडून घेणं हे नेमकं कोणाचं काम? तालुक्याचं नाव मुद्दाम टाकत नाही. पैनगंगेच्या अलीकडचा आहे, एवढं पुरे.

---

संत्राबर्फी | ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

उत्तर: झेरॉक्सवाल्याचं. तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याला सगळ्या खात्यांचं पाठ असतं.

---

पुणेकर_मूळचा_अकोट | ३ ऑगस्ट, रात्री १०:३१

चांगला धागा. पण ह्यात अवघड काय आहे? एकच पोर्टल करा. आधार नंबर टाकला की शिक्षण, जॉबकार्ड, प्रशिक्षण सगळं एका पडद्यावर. इच्छाशक्ती पाहिजे.

---

जॉबकार्डवाला | ४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पुणेकर भाऊ, सहा पोर्टलं जोडाले सातवं निघन, अन् त्याचा पासवर्ड बी मलेच पाठ करा लागन.

म्या ग्रामरोजगार सेवक आहो. माह्या गावची रेंज ग्रामपंचायतीच्या मागच्या पिंपळाखाली येते. मजुरायची हजेरी ॲपवर टाका लागते, दिवसातून दोनदा फोटोसकट. जानेवारी २०२३ पासून ते सगळ्या कामायले सक्तीचं झालं. फोटो चढला नाही तं हजेरी नाही, अन् हजेरी नाही तं रोजाचे ३१२ रुपये (२०२५-२६ चा दर) नाही. बाई उन्हात राबली हे म्या डोयानं पाह्यलं असते, पण माह्या डोयाले सर्व्हर मोजत नाही.

पऱ्हाटी भाऊ, तुमचा प्रश्न बरोबर हाये, पण एका खात्यातच दोन मालक हायेत तं सहा खात्यायचं काय घेऊन बसले. रोजगार हमीत तालुक्याचे कार्यक्रम अधिकारी तहसीलदार, सहकार्यक्रम अधिकारी बीडीओ. काम ग्रामपंचायतीचं असलं तं मस्टर (हजेरीपट) पंचायत समितीतून. वन, कृषी, सामाजिक वनीकरण अशा यंत्रणेचं असलं तं तहसीलातून. मजुराले ह्यातलं काय समजते? त्याले फावडं कुठं टाकाचं तेवढं सांगा.

अन् एक गोष्ट वाईट वाटली तरी लिहितो. लोक काम तोंडी मांगतात. "भाऊ, काम काढ ना जी." नमुना ४ (काम मागाचा अर्ज) भरून तारखेची पावती घेतच नाहीत, अन् आमच्यातले काहीजण पावती द्यालेच मांगत नाहीत. पावतीच्या तारखेपासून १५ दिवसात काम नाही दिलं तं बेकारी भत्ता लागते: पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव हिस्सा, मंग अर्धा. तो राज्याच्या खिशातून जाते. म्हणूनच तं पावतीले एवढी महागाई!

जोडणी कुठंच होत नाही असं बी नाही. घरकुलाचंच पाहा. घर बांधाले ९० दिवसाची मजुरी रोहयोतून भेटते, ३१२ नं २८,०८० रुपये. तिथं घरकुलाच्या मंजुरीवरूनच काम निघते अन् मस्टर चालते. दोन्ही कागद एकाच इमारतीत हायेत म्हणून जमलं. तुमच्या भावाचा कागद जिल्ह्याले, म्हणून नाही जमलं.

---

पऱ्हाटी | ४ ऑगस्ट, सकाळी ८:१२

जॉबकार्डवाला भाऊ, दंडवत. 'एकाच इमारतीत' हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

---

निवृत्त_कारकून | ४ ऑगस्ट, दुपारी ३:२०

मी सेवायोजन कार्यालयात (आताचे रोजगार केंद्र) ३१ वर्षे काढली, तेव्हा थोडा जुना उतारा.

ही कार्यालये मुळात गावच्या बेकारांसाठी उघडलेलीच नव्हती. १९४५ साली महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी ती सुरू झाली. १ नोव्हेंबर १९५६ पासून रोजचा कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा आम्हाला कळवणे सक्तीचे झाले. आता बारकावा पाहा: कळवणे सक्तीचे, आम्ही पाठवलेला माणूस घेणे नव्हे. शेतीतली कामे, घरकाम, तीन महिन्यांच्या आतले काम ह्यांना तर तो कायदाच लागू नव्हता. आपल्याकडच्या खेड्यात ह्याशिवाय दुसरे काम असते का? म्हणजे पहिल्या दिवसापासून आमचे कपाट शहराकडे तोंड करून होते.

तरीही त्या कपाटात एक गंमत होती. प्रत्येक उमेदवाराचे एक्स-१ कार्ड असे, व्यवसायाच्या सांकेतांकाप्रमाणे लावलेले. साहेबांनी "वायरमन काढा" म्हटले की ड्रॉवर ओढायचा, बोटाने कार्डे मागे टाकत जायचे, पाच मिनिटांत वीस नावे तयार. कार्डावर शेवटचा कॉल (मुलाखतीचे बोलावणे) कधी गेला त्याची तारीख असे. एखाद्या कार्डावर सात-आठ तारखा आणि तरी माणूस बेकार, असे दिसले की आम्ही आपापसात बोलायचो, ह्याचे काहीतरी बघायला हवे. काही वेळा बघितलेही.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका प्रकरणात सांगितले की नुसती सेवायोजनची यादी मागवून भरती करू नका. वर्तमानपत्रात जाहिरात द्या, फलकावर लावा, बाहेरून आलेल्या अर्जांचाही विचार करा. निकाल न्याय्यच होता, कारण नोंदणी नसलेल्यालाही संधी हवी. पण त्यानंतर आमचे कॉल आटत गेले. मग पाट्या बदलल्या: रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र, मग कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. पाटी लांबत गेली, माणसे निवृत्त होत गेली. माझ्या जागेवर पुन्हा कोणी आले नाही.

पुणेकरांना एवढेच सांगतो की पडद्यावरची जोडणी झालेली आहे. ई-श्रमवरून एनसीएसकडे जाता येते, ऑक्टोबर २०२४ पासून ई-श्रमवर इतर योजनाही दिसू लागल्या. ड्रॉवर ओढणारा माणूस मात्र राहिला नाही.

---

तिफन | ४ ऑगस्ट, सायंकाळी ७:०२

वाचनखूण साठवली. काका, वेगळा धागा काढाच ह्यावर.

---

गाविलगड | ५ ऑगस्ट, रात्री ८:४४

मेळघाटातून लिहितोय. तुमचा भाऊ निदान गावात आहे. आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धं गाव रिकामं. वीटभट्टी, संत्र्याच्या बागा, जिकडे मुकादम नेईल तिकडे. होळीला मात्र कोरकू माणूस कुठेही असला तरी घरी येणारच. रोहयोचा आराखडा करणाऱ्यांनी एवढी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवली तरी पुष्कळ. लोक गेल्यावर काम सुरू होतं, मस्टरवर माणसं सापडत नाहीत, आणि मग अहवालात 'मागणी नाही' असं येतं.

गंमत अशी की कोण कधी गेलं हे सरकारला माहीत असतं. अंगणवाडीच्या बाई नोंद ठेवतात, कारण पोरांचा आणि गरोदर बायांचा आहार तिकडच्या अंगणवाडीत लावायचा असतो. शाळेचे गुरुजी शिक्षण हमी पत्रक देतात, पोराला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून. म्हणजे महिला-बालविकासकडे एक यादी, शिक्षण खात्याकडे दुसरी. रोजगार सेवकाकडे कोणतीच नाही. तिन्ही माणसं एकाच पारावर चहा पितात!

अचलपूरला आदिवासी उमेदवारांसाठी वेगळं रोजगार केंद्र आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करून घेतात. चांगलं आहे. पण धारणीच्या आतल्या गावातून तिथवर पोचायला परतवाड्याचा घाट उतरावा लागतो. एसटी चुकली की मुक्काम.

---

वैनगंगेकाठी | ५ ऑगस्ट, रात्री ९:३०

गाविलगड, आमच्याकडं तर राज्यच बदलते जी. जानेवारी लागला की गाड्या भरून बाया तेलंगणात मिरची तोडाले. मुकादमाचा फोन हाच आमचा रोजगार विभाग. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिकडं अडकल्या, कित्येक जणी पायी आल्या, तेव्हा कुठं याद्या झाल्या. याद्या झाल्या म्हणजे आमच्या तहसीलात झाल्या. तिकडच्या शेतावर कोण आहे हे तिकडच्या कामगार खात्याले आजही माहीत नसावं.

एक मात्र सुधारलं. रेशन तिकडं मिळते, 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे. अंगठा लावला की तांदूळ. मग वाटते, तांदळाले राज्याची सीमा आडवी येत नाही, तर कामाच्या नोंदीलेच काऊन येते?

---

पुणेकर_मूळचा_अकोट | ५ ऑगस्ट, रात्री ९:५५

हे मला माहीत नव्हतं. 'इच्छाशक्ती' शब्द मागे घेतो. पोर्टलवर मात्र ठाम आहे, रेशनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

---

जॉबकार्डवाला | ६ ऑगस्ट, सकाळी ६:४०

रेशनच्या मशीनमांगं दुकानदार बसला असते भाऊ. अंगठा नाही उठला तं तो पुसून पुन्हा लावते.

---

प्रभागताई | ७ ऑगस्ट, दुपारी २:१५

मी उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) कामात आहे, बचत गट बघते. इथे अजून बायांचं कोणी बोललंच नाही (वैनगंगेकाठी सोडून), म्हणून लिहायला बसले.

बाईचं रोजगाराचं वर्ष वेगळं असतं. कापूस वेचणी सुरू झाली की किलोवर पैसे मिळतात, तेव्हा रोहयोच्या कामावर ती येणार नाही आणि यायलाही नको. फेब्रुवारी ते जून हात रिकामे. प्रशिक्षणाच्या बॅचा मात्र नेमक्या वेचणीत लागतात, कारण मार्चच्या आत उद्दिष्ट पुरं करायचं असतं. शिवणकामाच्या बॅचला मी बाया आणू कुठून? सासवाच आल्या एकदा, सह्या करायला.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, राज्यभर ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं एकदम सुरू झाली. कोणत्या केंद्रात काय शिकवतात ते आम्हाला व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या फोटोतून कळलं. ग्रामविकास विभाग वेगळा आणि कौशल्य विभाग वेगळा, त्याचं हे फळ.

माझ्या अनुभवात सगळ्यात चांगलं चाललेलं म्हणजे आरसेटी, अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, पण खरी गोष्ट पुढची आहे: बॅच संपल्यावर दोन वर्षं ते मागे लागतात. दुकान टाकलं का, बँकेत फाइल कुठे अडली. माझ्या गटातल्या एकीने शेळीपालन शिकून घेतलं, कर्जाची फाइल तीनदा परत आली, आणि तिन्ही वेळा तिथल्या सरांचा फोन मॅनेजरला गेला. चौथ्यांदा झाली मंजूर. तिच्या वाट्याला पोर्टल आलंच नाही, एक चिकट माणूस आला.

पऱ्हाटी भाऊ, माझ्याकडे वही आहे. गटातल्या प्रत्येक बाईचं घर, घरात कोण काय शिकलेलं, कोणता महिना रिकामा. कर्जासाठी ठेवलेली वही आहे, पण तुमचा वायरमन असा वहीत सापडला असता. आमच्या प्रभागात तरी सापडतो. तुमच्या तालुक्यातही कोणी ताई असतीलच, विचारा.

---

संत्राबर्फी | ७ ऑगस्ट, दुपारी २:४०

ताईंचा प्रतिसाद फ्रेम करून तालुक्याच्या आढावा बैठकीत लावायला हवा. चहा-बिस्किटाच्या वर.

---

तिफन | ७ ऑगस्ट, रात्री १०:१०

एक शंका. ह्या सगळ्याला काही कायदेशीर धाक नाही का? लोकसेवा हक्क कायदा आहे ना, २०१५ चा?

---

निवृत्त_कारकून | ८ ऑगस्ट, सकाळी ११:००

आहे. अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर अपील करता येते आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण तो दाखल्याला लागतो. 'माझी फाइल शेजारच्या खात्याला दाखवा' ही कोणत्याही यादीत सेवा नाही. म्हणून प्रत्येक खाते आपापल्या परीने निर्दोष असते आणि माणूस पिशवी घेऊन फिरत असतो.

जुन्या रोजगार हमीत हे बरे होते असे म्हणणारे भेटतात. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे ह्यांची कल्पना राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला, शहरातल्या नोकरदारावर १९७५ साली व्यवसाय कर बसला तो ह्याच कामासाठी. तेव्हाही खडी फोडणारा एका खात्याकडे आणि त्याचा मॅट्रिक झालेला मुलगा दुसऱ्या खात्याकडे. मी स्वतः बापाला सांगितले आहे, "तुमचे काम तहसीलात, मुलाचे इथे." तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही.

---

पऱ्हाटी | २० ऑगस्ट, रात्री १०:२०

मध्ये पोळ्याची तयारी आणि डवरणी ह्यात दिवस गेले, म्हणून उशीर.

ताईंचं ऐकून आमच्याकडच्या बचत गटाच्या ताईंना भेटलो. त्यांच्याकडेही वही आहे. मंगळवारी आमचा बाजार असतो, सगळे येतात. काल चौघांना एका बाकावर बसवलं: रोजगार सेवक, गटाच्या ताई, सेतूचा पोरगा लॅपटॉपसकट, आणि ग्रामपंचायत अधिकारी (आता ग्रामसेवक म्हटलं की रागावतात) अर्धा तास. बाक हॉटेलचा, चहा माझा. कोणाचा आदेश नाही, बॅनर नाही.

दोन तासांत जे निघालं ते असं. नमुना ४ चे नऊ अर्ज भरले गेले, पावत्यांसकट. रोजगार सेवक आधी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणाला, ताईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, मग सही झाली. दोन पोरांची महास्वयम्‌ची नोंदणी जुन्या बंद पडलेल्या मोबाइल नंबरवर अडकली होती, सेतूवाल्याने अर्ज टाकला. पुंडलिकाच्या वेलांटीचं तिथं काही झालं नाही, आधारसाठी तालुक्यालाच जावं लागणार.

आणि घरकुलाची यादी निघाली. चार घरं स्लॅबपर्यंत आलेली. त्यातल्या दोघांनी चुलतभावाला विचारलं, वायरिंगचे किती घेशील. तो इतका गोंधळला की आकडाच सांगेना. शेवटी ताई म्हणाल्या, बाहेरचा जे घेतो त्याच्यापेक्षा थोडं कमी सांग ना बाबा. एक घर पक्कं झालं, दुसरा म्हणाला बायकोला विचारून सांगतो.

---

जॉबकार्डवाला | २१ ऑगस्ट, सकाळी ६:३५

लय भारी भाऊ. नऊ पावत्या म्हंजे त्या सेवकाची झोप उडाली असन, माही बी उडाली वाचून.

---

गाविलगड | २१ ऑगस्ट, दुपारी १:१०

पुढच्या मंगळवारी अंगणवाडीच्या बाईंनाही बोलवा. दिवाळीआधी.

---

निवृत्त_कारकून | २१ ऑगस्ट, दुपारी ४:४५

अभिनंदन. एक विचारायचे राहिले. तुमच्या चुलतभावाकडे तारतंत्री (वायरमनचा) परवाना आहे का? आयटीआयचे प्रमाणपत्र वेगळे आणि विद्युत निरीक्षकांच्या खात्याचा परवाना वेगळा. शिवाय नवे मीटर मागताना वायरिंगच्या चाचणी अहवालावर परवानाधारक कंत्राटदाराची सही लागते. ती कोणाची घेणार ते आधी ठरवा, नाहीतर घरकुलवाल्याचे मीटर अडेल आणि बोल मुलाला लागेल.

---

पऱ्हाटी | २१ ऑगस्ट, रात्री ९:०५

परवाना नाही काका. म्हणजे सातवी नोंदणी.

त्याला आत्ताच फोन केला. म्हणाला, "झेरॉक्स शिल्लक हायेत. कोपऱ्यात कोणतं अक्षर टाकू, तेवढं सांग."